बाजेवरून उंबऱ्यापर्यंत

सकाळची वेळ आहे. घरात गडबड चालू आहे. कोणी धार काढतो आहे, कोणी चुलीपुढे आहे, पोरे शाळेला निघाली आहेत. सोप्यात बाजेवर म्हातारी बसली आहे. तिला उठायचे आहे. तिने बाजेची कड धरली, पाय खाली सोडले. एवढ्यात आतून हाक आली, "आत्या, उठू नगासा! पडशीला. काय पायजे ते मी आणून देते."

म्हातारी पुन्हा आडवी झाली.

या हाकेत माया आहे. सून वाईट नाही. उलट चांगली आहे, म्हणूनच तिने हाक मारली. तरी आम्ही म्हणतो, ही हाक म्हाताऱ्या माणसाचे पाय घालवते. असे म्हणण्याचा आम्हांला काय अधिकार? अधिकार एवढाच की, हीच हाक आम्ही स्वतः मारली आहे आणि तिचे फळही पाहिले आहे.

आम्ही खटाव तालुक्यातले. आमच्या भागात औंध हे गाव आहे. आज ते सातारा जिल्ह्यात आहे. पूर्वी ते एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. संस्थानात गावे बहात्तर. पण ती एका ठिकाणी नव्हती, लांब लांब विखुरलेली होती. आटपाडी आणि कुंडल ही त्यांतलीच. ती आज सांगली जिल्ह्यात आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. त्यांचा जन्म १८६८ सालचा आणि मृत्यू १९५१ सालचा. या राजाला सूर्यनमस्काराचे वेड होते. तो स्वतः रोज नमस्कार घाली, सत्तरीतही घाली. संस्थानातल्या शाळांमध्ये त्याने मुलांना नमस्कार घालायला लावले, मुलींनाही लावले. या व्यायामावर १९३८ साली लंडनमध्ये त्याचे इंग्रजी पुस्तक निघाले.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. आमच्या लहानपणी राजा नव्हता, संस्थान नव्हते, पण नमस्कार उरले होते. आम्ही शाळेत ते घातले. पुढे मास्तर झालो, हेडमास्तर झालो, आणि तीस वर्षे पोरांकडून घालून घेतले. चुकलेल्या पोरांना उठबशाही काढायला लावल्या. आणि घरी काय केले? ऐका.

आमची आई शहात्तर वर्षांची होती. हिंडती फिरती होती. एका पावसाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी फोटो काढला. हाड मोडले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "मुका मार आहे. दोन-तीन दिवसांनी उठवा, हळूहळू चालवा." आम्ही मान डोलावली, आणि घरी येऊन नेमके उलटे केले. आईला बाजेवर निजवले. जेवण बाजेवर, चहा बाजेवर, अंग पुसणे बाजेवर. लघवीला भांडे बाजेपाशी. येणारा-जाणारा म्हणे, "मास्तर, आईची सेवा करावी तर तुमच्यासारखी." आम्हांलाही ते बरे वाटे.

दीड महिन्याने तिला उभे करायला गेलो, तर पाय लटलटा कापू लागले. पोटऱ्या रिकाम्या पिशवीसारख्या झाल्या होत्या. ती उभी राहिली नाही. पुढे पाठीला जखमा झाल्या. आठ महिन्यांनी ती गेली. पडण्याने गेली नाही, पडून राहण्याने गेली. अखेरच्या दिवसांत ती एकदा म्हणाली, "तू पोरांस्नी उठबशा काढायला लावतोस, आनि मला मातर बसवून ठेवलंस." ती हसून म्हणाली होती. आम्ही अजून ते विसरलो नाही.

आता असे का होते ते पाहू. बैल चार महिने दावणीला बांधून ठेवला आणि मग एकदम औताला जुंपला तर काय होईल? तो बसेल. अंगातले मांस वापरले तर राहते, न वापरले तर झडते. तरुण माणूस आठ दिवस तापाने पडला तरी पुन्हा भरून निघतो. म्हाताऱ्याचे तसे नाही. २००७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याची पाहणी केली. निरोगी, पण वयस्क अशा काही माणसांना त्यांनी दहा दिवस अंथरुणावर ठेवले. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस गेले. दहा दिवसांत एक किलो! आमच्या आईचे दीड महिन्यात किती गेले असेल, याचा हिशेब आम्ही केला नाही.

तुम्ही म्हणाल, "गेलं ते गेलं. म्हातारपणी पुन्हा थोडंच येतंय?" येते. त्याच अमेरिकेत बोस्टन शहरातल्या वृद्धाश्रमात १९९० साली दहा माणसे घेतली. वय नव्वदीच्या घरात. त्यांच्याकडून आठवडे आठ, पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. वजन हळूहळू वाढवीत नेले. एकाने मध्येच सोडले. नऊ जणांनी पुरे केले. त्यांच्या पायांचे बळ अडीच पटीहून अधिक झाले. दोघांची काठी सुटली. नव्वदीत काठी सुटते, तर सत्तरीत बाज का सुटू नये?

आणि अमेरिकेला तरी कशाला जायचे? आषाढात लोणंद-फलटणच्या रस्त्यावर उभे राहा. माउलींच्या पालखीबरोबर पंचाहत्तरीचे वारकरी चाललेले दिसतील. ते घरी बाजेवर पडून राहणारे लोक नव्हेत.

पण अशक्त झालेल्या म्हाताऱ्याने एकदम नमस्कार घालू नयेत, आणि वारीही करू नये. त्याने राजाची एकच गोष्ट घ्यावी. ती म्हणजे रोज करणे. थोडे, पण रोज.

सगळ्यांत उपयोगाचा व्यायाम कोणता? तर आईने सांगितला तोच. उठबशा. मात्र शाळेतल्या नव्हेत. कान धरायचे नाहीत, खाली उकिडवे बसायचे नाही. एक भक्कम खुर्ची घ्या. ती भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. खुर्ची नसेल तर उंच बाज चालेल. फार खाली झोळ पडलेली बाज चालणार नाही. म्हाताऱ्या माणसाने पुढे सरकून कडेला बसावे. पावले जमिनीवर पुरी टेकावीत. अंग थोडे पुढे झुकवावे आणि उभे राहावे. मग हळू, अगदी हळू, खाली बसावे. धपकन बसू नये. हळू बसतानाही पायांना काम पडते, आणि तेच हवे आहे. सुरुवातीला हातांनी खुर्चीचा आधार घ्यावा. सकाळी तीन वेळा, संध्याकाळी तीन वेळा. आठ दिवसांनी चार करावे. मग पाच. दहापर्यंत गेले की हात सोडून पाहावे. ज्याला स्वतः उठबस करता येते त्याला परसाकडे स्वतः जाता येते. म्हातारपणी याहून मोठे सुख आम्हांला तरी ठाऊक नाही.

जो अजून बसतही नाही त्याने निजल्या निजल्या सुरुवात करावी. पावले वरखाली हलवावीत. टाच अंथरुणावरून घासत गुडघा मुडपावा, पुन्हा सरळ करावा. बसता आले की खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा, मग खाली सोडावा. अंक मोठ्याने मोजावेत. मोठ्याने मोजले की श्वास कोंडत नाही.

उभे राहता येऊ लागले की दाराची चौकट किंवा स्वयंपाकाचा ओटा दोन्ही हातांनी धरावा आणि टाचा उचलाव्यात. चवड्यांवर उभे राहून पुन्हा टाच टेकावी. तोल सांभाळायला शिकायचे असेल तर ओटा धरून एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवावे, टाच अंगठ्याला लावून. जणू बांधावरून चाललो आहोत. हे करताना जवळ कोणीतरी उभे असावे. हातांसाठी वेगळे काही नको. अर्धा तांब्या पाणी घेऊन हात वरखाली करावा. शेंगा फोडाव्यात, ओले फडके पिळावे, ताक घुसळावे. म्हातारीच्या हातून रवी काढून घेऊ नका. नमस्कारांची ज्याला जुनी आवड असेल त्याने भिंतीसमोर उभे राहून तळहात भिंतीला टेकावेत, कोपर मुडपून अंग भिंतीकडे न्यावे आणि पुन्हा मागे यावे. राजाचा नमस्कार जमिनीवरचा, हा भिंतीवरचा.

व्यायाम करताना थोडा दम लागला तर भ्यायचे कारण नाही. बोलता येत असले म्हणजे ठीक. बोलता येईना, छातीत दुखले, चक्कर आली, तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. ज्याला हृदयाचे दुखणे आहे, नुकतेच हाड मोडले आहे किंवा ऑपरेशन झाले आहे, त्याने आधी विचारूनच सुरुवात करावी. गावात आशाताई असतात, उपकेंद्रात नर्सबाई असतात. त्यांना विचारायला लाजू नये.

पहाटे उठताना बरेच म्हातारे पडतात. निजलेले माणूस एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी कुशीवर व्हावे, मग बसावे, पाय हलवावेत, थोडे थांबावे आणि मग उठावे. न्हाणीतले शेवाळ घासून काढा. ओल्या फरशीवर गोणपाट टाकू नका, ते सरकते. न्हाणीच्या भिंतीला धरायला एक लोखंडी दांडा बसवून घ्या. आमच्याकडे तो दांडा आई गेल्यावर बसला. बाज ते संडास या वाटेवर रात्री दिवा असू द्या आणि वाटेत घमेले, खुरपे, पोरांची दप्तरे नकोत.

आता खाण्याकडे वळू. नुसत्या व्यायामाने मांस भरत नाही. भिंत बांधायची तर विटा हव्यात. अंगाच्या विटा म्हणजे प्रथिने. ती डाळीत, कडधान्यात, शेंगदाण्यात, दुधात, अंड्यात, मासळीत आणि मटणात असतात.

म्हाताऱ्याचे ताट पाहा. बहुतेक घरी त्यात काय असते? भाकरी, थोडे कोरड्यास, ठेचा. आणि दिवसातून चार वेळा चहा. घट्ट आमटी, अंडे, उसळ राबणाऱ्या गड्याकडे जाते. म्हणतात, "म्हाताऱ्याला काय करायचंय? त्याला कुठं नांगर धरायचाय?" ही समजूत चूक आहे. म्हाताऱ्याचे पोट लहान झालेले असते, पण विटा त्याला कमी लागत नाहीत. पन्नास किलो वजनाच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला निदान पन्नास ग्रॅम प्रथिने हवीत. आता हिशेब करू. ज्वारीच्या तीन मध्यम भाकरी खाल्ल्या तर सुमारे पंधरा ग्रॅम मिळतात. उरलेली पस्तीस कोठून आणायची? एक अंडे सहा ग्रॅम देते. एक पेला दूध सहा-सात ग्रॅम. मूठभर शेंगदाणे सात ग्रॅम. एक वाटी घट्ट वरण सहा-सात ग्रॅम. तेवढीच एक वाटी उसळ. सगळे मिळून एकतीस ते चौतीस झाले. भाजीत, ताकात राहिलेले निघते. जो अंडे खात नाही त्याने दुधाचा एक पेला वाढवावा. हे एकदम एका जेवणात घालू नका. तीन-चार वेळांत वाटून द्या. ज्याची किडनी बिघडली आहे त्याने मात्र डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे.

दात नसले तर? आमच्या भागातल्या बायकांना हे शिकवायला नको. हुलग्याचे माडगे आहे. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवतात. मुगाची डाळ घट्ट शिजवून त्यात भाकरी कुस्करावी. मटकीला मोड आणून, मऊ शिजवून, घोटून द्यावी. पिठले आहे. शेंगदाण्याचा बारीक कूट दुधात कालवता येतो, भाजीत घालता येतो. जावळी-पाटणकडे नाचणीची आंबील होते, तीही उत्तम. नाचणीत हाडांना लागणारा चुना भरपूर असतो. शेवग्याचा पाला, चाकवत, राजगिरा, पिकलेली पपई हे सारे मऊ आहे आणि परड्यात होते. डब्यातली महाग पावडर विकत आणायची गरज नसते. त्या पैशात महिनाभर अंडी येतील.

चहा जेवणाबरोबर देऊ नका. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. मध्ये एखादा तास जाऊ द्या. जेवणावर लिंबू मात्र पिळा. लिंबाने लोह चांगले लागते. म्हातारपणी तहान कळेनाशी होते. शिवाय रात्री उठावे लागेल म्हणून म्हातारी माणसे मुद्दाम पाणी पीत नाहीत. म्हणून दिवसा, मागितले नाही तरी, पाणी, ताक, पेज पुढे करावी. संध्याकाळनंतर कमी करावी. हाडांसाठी सकाळच्या उन्हात अर्धा तास बसवा. उन्हाने अंगात ड जीवनसत्त्व तयार होते. कपाळावर ऊन आणि अंगावर चादर, असे करू नका. हात-पाय उघडे ठेवा.

उपासाविषयी बोलायचे म्हणजे अवघड. आमच्या शेजारी एक आजी सोमवार, गुरुवार, एकादशी आणि चतुर्थी करीत. महिन्यातले दहा-बारा दिवस त्या साबुदाण्यावर काढीत. साबुदाण्यात विटा जवळजवळ नाहीतच. त्यांना उपास सोडा म्हटले असते तर त्यांनी आम्हांलाच सोडले असते. म्हणून आम्ही एवढेच सुचवले की, उपासाला राजगिऱ्याचा लाडू चालतो, शेंगदाण्याची आमटी चालते, दूध-दही चालते. त्या म्हणाल्या, "येवढंच व्हय? मग आधी न्हाई का सांगायचं?" ज्याला मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये.

हे सगळे करणार कोण? घरोघर उत्तर एकच. सून. म्हातारीला उठवायची ती, खाऊ घालायची ती, आणि सगळ्यांच्या मागून उरलेले खायची तीच. तिची पाठ मोडली तर दोन बाजा घालाव्या लागतील. म्हणून दोन गोष्टी तिच्यासाठी. म्हाताऱ्याला दंडाला धरून ओढू नये. त्याचा खांदा निखळतो आणि आपली कंबर धरते. त्याच्या कमरेला उपरणे किंवा जाड टॉवेल गुंडाळावा, आपण गुडघे वाकवून जवळ उभे राहावे, "एक, दोन, तीन" म्हणावे आणि त्याला स्वतःला उठू द्यावे. आपण फक्त सावरायचे. दुसरी गोष्ट, मोजायचे काम पोरांवर सोपवावे आणि संध्याकाळची पाळी मुलाने घ्यावी. आई त्याचीही आहे. तासगावच्या बाजूला आम्ही असे एक घर पाहिले आहे.

तेथे आमच्या मंडळींची मावशी राहते. गेल्या वर्षी ती तापाने तीन आठवडे पडून होती. ताप गेला, पण बाज सुटेना. आम्ही भेटायला गेलो तेव्हा सून म्हणाली, "आता काय ह्या उठत न्हाईत." मावशी भिंतीकडे तोंड करून निजली होती. आम्हांला आमची सोप्यातली बाज आठवली. आम्ही तेथे चार दिवस मुक्काम वाढवला. मावशीला विचारले, "तुला उठून कुठे जायचंय?" आम्हांला वाटले, देवळात म्हणेल. ती म्हणाली, "बेदाणा निवडायला." शेजारच्या शेडवर बायका बेदाणा निवडीत बसतात, तेथे तिच्या वयाच्या तिघी-चौघी आहेत. मावशीला बेदाण्यापेक्षा त्यांच्या गप्पा हव्या होत्या.

पहिल्या दिवशी ती बाजेच्या कडेला नुसती बसली आणि रडली. दुसऱ्या दिवशी दोघांनी धरून एकदा उभी केली. तिचा मुलगा म्हणत होता, "मामा, पडली तर जबाबदार कोन?" आम्ही म्हणालो, "मी." आम्हांला धडधड होत होतीच. चौथ्या दिवशी तिने दोनदा उठबस केली.

तिची सून त्या वर्षी साक्षरतेच्या वर्गाला जात होती. आम्ही तिला दहा रुपयांची वही दिली आणि रोज लिहायला सांगितले. किती वेळा उठल्या, काय खाल्ले, एवढेच. दिवाळीनंतर गेलो तेव्हा तिने वही पुढे ठेवली. अक्षर मोठे, ओळ सोडून गेलेले. "सोमवार. सकाळी ३. रात्री २. अंड खाल्ल." "बुधवार. गुडगा दुकला. १." मध्ये चार दिवस कोरे होते. का, म्हणून विचारले. "माझंच अंग दुखत होतं," ती म्हणाली. त्या चार दिवसांनंतर अक्षर बदलले होते. ते नातवाचे होते. मग दोन पाने मुलाच्या हातची. नंतर पुन्हा तिचे. आकडे सहा, सात, मध्येच चार, पुन्हा आठ असे चालले होते. शेवटच्या पानावर आकडा नव्हता. लिहिले होते, "आज आत्या उंबरा वलांडून गेल्या."

मावशी घरात नव्हती. आम्ही शेडकडे गेलो.